परंदवडीचे बुटलेगर

अख्ख्या मावळात दारूचा एक थेंबही जिभेला न लावता बुटलेगर, म्हणजे चोरटी दारू विकणारा, म्हणून नाव कमावलेला माणूस एकच, आणि तो माझा व्याही आहे. मुलगी देताना आपण मुलाची नोकरी बघतो, घर बघतो, शेती किती, पाणी कुठलं हे विचारतो. मुलाच्या वडिलांना शिकागोतल्या चोरट्या दारूच्या धंद्याची आवड आहे का, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. खरं म्हणजे विचारायची गरजच नव्हती. बघण्याच्या कार्यक्रमाला मंडळी तळेगावात आमच्या घरी आली, तेव्हा सगळ्यांच्या मागून एक गृहस्थ आत शिरले. डोक्याला काळपट फेल्ट हॅट, भर वैशाखात अंगात लोकरीचा कोट, आणि तोंडाच्या कोपऱ्यात न पेटवलेली आगकाडी. त्यांनी खोलीभर एकदा सावकाश नजर फिरवली, सोफ्याकडे साफ दुर्लक्ष केलं, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसले. मी म्हणालो, "अहो, इकडे पंख्याखाली बसा ना." ते काडी न हलवता म्हणाले, "न्हाई, हितंच बरंय. दार दिसाया पायजे." माझ्या बायकोला वाटलं पाहुण्यांना निघायची घाई आहे; तिनं पोहे अर्धे कच्चेच आणले. चहा घेऊन आलेल्या आमच्या केतकीनं मात्र सरळ विचारलं, "दारातून कोण येणार आहे?" "कोण बी येऊ शकतंय," ते गंभीरपणे म्हणाले. केतकी खुदकन हसली. त्यांनी हॅट किंचित मागं सारली आणि मुलाला न विचारताच निकाल दिला, "पोरगी घाबरत न्हाई. पसंत."

ह्या सगळ्याचं मूळ एका सिनेमात आहे. व्याह्यांनी सगळी नोकरी देहूरोडच्या दारूगोळ्याच्या डेपोत केली; दारूशी त्यांचा आलेला संबंध एवढाच, आणि तोही गोळ्यासकट. तिथं ते नवे लागले तेव्हा जवळच्या मैदानावर अधूनमधून पडदा बांधून जवानांना सिनेमे दाखवत. त्यात एकदा एक जुना, काळा-पांढरा अमेरिकन सिनेमा आला. अमेरिकेत दारूबंदी असताना चोरून दारू विकून मोठ्या झालेल्या एका दादाची ती गोष्ट होती. व्याह्यांना त्यातला एकही शब्द कळला नाही, आणि म्हणूनच तो सिनेमा त्यांना पूर्ण कळला. सिनेमाचं नाव ते ज्या प्रकारे उच्चारतात त्यावरून मला ते आजतागायत उमगलेलं नाही. ते त्याला नुसतं 'पिच्चर' म्हणतात. बाकीचे सगळे सिनेमे त्यांच्या लेखी जाहिराती. पुढं मुलानं तो कुठूनसा शोधून पेन ड्राइव्हवर घालून दिला आणि तेव्हापासून परंदवडीच्या त्या घरात दूरदर्शन संच हा शिकागोत उघडणाऱ्या खिडकीसारखा चालू असतो. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कथा सांगतात. "शिकागो म्हंजे आपलं पिंपरी-चिंचवडच समजा. कारखानं, धूर आन् चाळी. तितं सरकारनं येकदम दारूबंदी केली. ग्रामसभा न्हाई, ठराव न्हाई, डायरेक बंदी! मंग ह्यो गडी, गरिबाचं पोरगं, दुधाच्या गाडीतनं माल न्याया लागला. आई म्हणाली, लेकरा, नको रं. तर ह्यो काय म्हणाला? म्हणाला, आये, लोकान्ला तहान लागलीया!" इथं ते हॅट काढून छातीशी धरतात आणि विहीणबाई आतून ओरडतात, "आवो, त्या पाव्हण्यान्ला पानी तरी इचारा!"

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. तेव्हा एका दिवाळीत त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि पिच्चरचा अर्थ लावून द्यायला सांगितलं. एका प्रसंगात तो दादा टेबलाशी बसून समोरच्या माणसाकडे रोखून बघत दातओठ खात काहीतरी बोलतो. व्याह्यांच्या मते तो म्हणत होता, "माझ्या भावाला हात लावलास तर तुजं खानदान ठेवणार न्हाई." मी कान देऊन ऐकलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की तो म्हणतोय, सूप गार झालंय. व्याह्यांनी माझ्याकडे फार कनवाळू नजरेनं पाहिलं. "व्याही," ते म्हणाले, "तुमचं विंग्रजी पुण्याचं हाय. ह्ये शिकागोचं." त्यानंतर मला पुन्हा कधी अर्थ विचारला गेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचा सिनेमा माझ्या भाषांतरापेक्षा कितीतरी चांगला होता.

दादासारखं वागायचं तर चोवीस तास वागावं लागतं. सोमाटण्यात दाढीला बसले की ते खुर्ची फिरवून दाराकडे करायला लावत. आरसा मागं राहायचा आणि न्हावी बिचारा त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालत दाढी उरकायचा. बोलायचं ते तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून. पुढं कवळी बसवल्यावर ती त्या कोपऱ्यातून बाहेर डोकावू लागली, तरी त्यांनी बाजू बदलली नाही. भातावर औषध मारायचा फवारणीचा पंप पाठीला लावून ते बांधावर उभे राहिले, की हातातली नळी ते मशीनगनसारखी धरत आणि तुडतुड्यांना आधी दम देत, मग औषध मारत. सगळ्यांत कहर ट्रॅक्टरचा. देवळात जावोत की दळण आणायला जावोत, ट्रॅक्टर बाहेर चालू ठेवायचा. "बॉसची गाडी कायम चालू पायजे. ऐन टायमाला निगाया येतं." एकदा ते मारुतीपुढं हात जोडून उभे असताना ट्रॅक्टर त्यांना न घेताच ऐन टायमाला निघाला आणि उतारावरून जाऊन शेणाच्या उकिरड्यात शांतपणे रुतला. चार माणसं लावून तो बाहेर काढावा लागला. व्याही कोट झटकत म्हणाले, "घातपात." उतारावर हँडब्रेक न लावणं ह्याला शिकागोत घातपात म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

तर अशा ह्या माणसाला उतारवयात साखर निघाली.

केतकी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. सोमाटण्यातल्या एका औषधाच्या दुकानात ती काम करते. एका रविवारी तिनं घरातल्या सगळ्यांची बोटं टोचून साखर तपासली. सासऱ्यांचा आकडा आल्यावर तिनं यंत्र बदलून पुन्हा टोचलं. व्याही म्हणाले, "मशीन बिगडलंय." दुसऱ्या यंत्रानंही तेच सांगितल्यावर म्हणाले, "दोन्ही फितूर हायती." डॉक्टरांनी गोड बंद म्हणून सांगितलं, पण व्याही चहात चार चमचे साखर आणि जेवणानंतर गुळाचा खडा असा माणूस. तेव्हा विहीणबाईंनी तोडगा काढला. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर आपल्याकडे बायका मतदान करतात, उभी बाटली की आडवी बाटली म्हणून. ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. त्यांनी स्वयंपाकघरात साखरेची बरणी मधोमध ठेवली आणि घरातल्यांचं मतदान घेतलं: उभी बरणी की आडवी बरणी? विहीणबाईंनी आडवी केली, केतकीनं आडवी केली, आमच्या जावयांनी बायकोकडे बघून आडवी केली. व्याह्यांचं एकच मत उभ्या बरणीला पडलं. विहीणबाईंनी बरणी उचलून कपाटात घातली आणि किल्ली केतकीच्या हातात दिली. आता ते चिडणार, जेवण सोडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण व्याही हळूच उठले, हॅट नीट केली, आणि त्यांच्या डोळ्यांत विलक्षण तेज आलं. "बंदी झाली," ते पुटपुटले. ज्या बंदीची ह्या माणसानं तरुणपणापासून वाट पाहिली, ती शिकागोहून निघून अखेर त्याच्याच स्वयंपाकघरात येऊन पोचली होती.

दुसऱ्याच दिवशी मला फोन आला. "व्याही, धंद्यात येताय का?" मी विचारलं, "कसला धंदा?" "फोनवर न्हाई बोलायचं," असं त्यांनी फोनवर सांगितलं. मुलीच्या बापानं नाही म्हणायचं नसतं, ही आपल्याकडची जुनी रीत. पण ती मुलीच्या सासऱ्यानं गुळाची तस्करी काढली तरी लागू पडते का, हे विचारायला वडीलधारं कुणी उरलं नव्हतं. शिवाय माझीही साखर काठावरची, आणि माझी बायको ही काठावरच्या माणसाला खोल पाण्यातला समजून वागवणारी. मी गेलो.

योजना सिनेमातूनच आलेली होती. बुटलेगर म्हणजे बुटात माल लपवणारा, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं, आणि त्यांच्याकडे भातलावणीचे गुडघ्यापर्यंतचे गमबूट होते. घोरावाडी स्टेशनावरून दुपारची लोकल धरायची, लोणावळ्यात उतरायचं, चिक्की घ्यायची, शेंगदाण्याची, तिळाची, खोबऱ्याची, आणि गमबुटात भरून परत यायचं. बाजारातल्या लोकांना त्यांचं फारसं काही वाटलं नाही. लोणावळ्यानं पर्यटकांच्या अंगावर याहून विचित्र कपडे पाहिलेले आहेत. परतीच्या प्रवासात मात्र ते भरल्या बुटांनी, पाय फाकवून, हिवाळ्यातल्या बेडकासारखे सावकाश चालत. डब्यात कुणी विचारलं, "काय बाबा, लावणीला का?" तर काडी चावत म्हणत, "व्हय." मावळात माघात लावणी नसते हे मावळातल्या माणसाला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

बरं, एकट्यानं खाऊन बसले असते तर त्याला धंदा कोण म्हणेल? आसपासच्या दोन-तीन वाड्यांत त्यांच्यासारखेच कितीतरी म्हातारे होते, ज्यांच्या चहातली साखर सुनांनी, लेकींनी आणि डॉक्टरांनी मिळून काढून घेतलेली. व्याह्यांच्या विहिरीवर मोटारीची एक लहानशी खोली आहे. दुपारी चारच्या सुमारास तिथं ही मंडळी जमू लागली. पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत, हा त्यांचा दंडक. "लोकान्ला तहान लागलीया," म्हणून ते प्रत्येकाच्या तळहातावर एकेक वडी ठेवत, आणि माणसं ती वडी अशी चघळत बसत की कुणाच्या तोंडून शब्द निघत नसे. फक्त मोटारीची घरघर आणि कवळ्यांचा कटकट आवाज. पहाऱ्याला गेनूआबा. हे व्याह्यांचे बालमित्र, अंगानं धिप्पाड, स्वभावानं इमानी, आणि कानांनी जवळजवळ पूर्ण निवृत्त. दारावर येणाऱ्यानं "पानी आलं का?" असं हळूच विचारायचं, तरच आत सोडायचं, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी मी दारापाशी जाऊन हळूच विचारलं, "पाणी आलं का?" आबा म्हणाले, "काय?" मी जरा मोठ्यानं विचारलं. आबा म्हणाले, "राणी? कंची राणी?" माझ्यामागं आणखी दोघं येऊन उभे राहिले होते, आम्ही तिघांनी मिळून एका सुरात "पाणी आलं का!" असा आरडाओरडा केला, तेव्हा आबांनी दार उघडलं. पलीकडच्या शेतातून एका बाईनं ओरडून कळवलं, "आलंय, आलंय! कवाच आलंय!" त्यानंतर हा गुप्त शब्द शिवारात सगळ्यांना पाठ झाला.

तरीही धंदा चालला, आणि व्याही तेव्हा जितके सुखी होते तितके मी कुणाला पाहिलेलं नाही. त्यांनी केतकीला 'फेडरल' असं नाव ठेवलं होतं. अमेरिकेतले दारू पकडणारे सरकारी अधिकारी पिच्चरमध्ये कुणीतरी त्या नावानं हाकारत असावं. ती घरी आली की ते कोपऱ्यातून कुजबुजत, "फेडरल आली." एकदा मला फोन करून ते नेहमीच्या तोंडाच्या कोपऱ्यातल्या आवाजात म्हणाले, "माल उतरवलाय, पंपावर या." फोन माझ्या बायकोनं उचलला होता. त्या संध्याकाळी मी घरी परतल्यावर तिनं दारातच माझं तोंड हुंगलं. दारूचा वास येईना, तेव्हा तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. मग गुळाचा वास ओळखला आणि तो निःश्वास परत घेतला. पुढं केतकीला तिनं कळवलं, का विहीणबाईंना माघातल्या गमबुटांचा आधीच संशय आला होता, हे मला कधी कळलं नाही. तिसरी शक्यता मुंग्यांची. व्याही ओसरीवरून जात त्या वाटेनं मुंग्यांची एक रांग लागलेली असायची, आणि ती रांग त्यांच्यामागोमाग शेतापर्यंत जायची.

धाड पडली ती भर दुपारी. आम्ही सगळे आत बसलेलो. केतकी दुकानातून मधल्या सुट्टीत थेट शेतावर आली आणि गेनूआबांना म्हणाली, "आबा, बाबा आत आहेत का?" आबांनी तिचे ओठ हललेले पाहिले आणि ठरल्याप्रमाणे उत्तर दिलं, "व्हय, आलंय पानी. जा आत."

दार उघडलं. चिक्की ही वस्तू अशी आहे की ती पटकन गिळता येत नाही, लाजेनं थुंकता येत नाही, आणि तोंडात ठेवून निरपराध चेहरा करता येत नाही. आम्ही चौघंपाचजण गाल फुगवून, देवळातल्या द्वारपालांसारखे निश्चल बसलो. केतकीनं माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मग ती जमिनीकडे बघत मुंग्यांच्या रांगेवरून सासऱ्यांच्या पायांपर्यंत आली.

"बाबा, बूट काढा."

व्याही भिंतीला पाठ लावून बसलेलेच होते. त्यांनी हॅट मागं सारली. कैक वर्षं ज्या वाक्याची तयारी केली होती ते त्यांनी फार सुंदर उच्चारलं. "वारंट हाय का?"

"बूट काढा," केतकी म्हणाली.

त्यांनी उजवा बूट काढला. त्यातून खोबऱ्याच्या चिक्कीचा पुडा निघाला. कुणीतरी तोंड भरलेलं असताना हसलं. "दुसरा," ती म्हणाली. त्यांनी डावा काढला. पुडा फाटला होता, चिक्कीचे तुकडे मोज्याला चिकटले होते, आणि मोजा करंगळीपाशी काळा पडून ओला झाला होता. केतकी खाली बसली. तिनं मोजा हळूहळू सोलल्यासारखा काढला. काचेसारखा धारदार एक तुकडा करंगळीत शिरला होता, आणि जखम आजची नव्हती.

"हे कधी लागलं?"

"काय लागलंय?" व्याही वाकून आपल्याच पायाकडे दुसऱ्याचा पाय बघावा तसे बघत राहिले. "आयला... दुखलं न्हाई गं. जरा बी न्हाई दुखलं."

"दुखलं नाही हेच वाईट आहे, बाबा," केतकी म्हणाली, आणि तिचा आवाज मी तिच्या लहानपणापासून ओळखतो म्हणून मला कळलं की ती घाबरली आहे. ती ओरडली नाही. तिनं मोटारीच्या पाण्यानं पाय धुतला, आपल्या ओढणीनं टिपला. आम्ही चघळायचं थांबलो होतो. बाहेरून गेनूआबा जोरात विचारत होते, "आरं, पानी आलं का न्हाई?" आणि त्यांना उत्तर द्यायला कुणाचं तोंड मोकळं नव्हतं.

तळेगावच्या दवाखान्यात त्यांना बरेच दिवस ठेवलं. पहिले काही दिवस डॉक्टर पायाबद्दल बोलत होते, तेव्हा विहीणबाई बाकावर बसून पदरानं नुसतं तोंड पुसत राहायच्या. व्याही एकदाच मला म्हणाले, कोपऱ्यातून नव्हे, सरळ सगळ्या तोंडानं, "व्याही, तंगडी गेली तर नांगरटीला कोण जाईल हो?" मी त्यांचा हात धरून बसलो. शेवटी करंगळीवर निभावलं. ती काढावी लागली, पाय राहिला. शुद्धीवर आल्यावर आणि धोका टळल्याचं कळल्यावर भेटायला आलेल्या पहिल्या माणसाला त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "गोळी लागली."

घरी आल्यावर मलमपट्टी केतकीनं आपल्याकडे घेतली. रोज दुकानातून आली की हात धुऊन ती त्यांच्यापुढं बसायची. ते म्हणत, "फेडरल आली." ती म्हणायची, "हो, आली. पाय पुढे करा." पट्टी चालू असताना समोर पिच्चर लावलेला असे, आणि ते तिला कथा सांगत, ती मध्येच विचारायची, "मग त्याच्या आईचं काय झालं?" तेव्हा व्याही पट्टी चालू आहे हे विसरून आईचं सांगू लागत. जखम भरली. साखर ताळ्यावर आली. तिनं एके रविवारी स्वतःहून नखाएवढी चिक्की बशीत ठेवून त्यांच्यापुढं आणली. व्याह्यांनी बशीकडे पाहिलं आणि परत सरकवली. "परवान्यानं खाणार न्हाई," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी धंदा पुन्हा काढला, पण वेगळाच. कुणाकडून तरी एखादी वडी मिळवायची आणि घरात लपवून ठेवायची. हॅटच्या अस्तरात, फवारणीच्या पंपात, ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत. केतकी ती हटकून शोधून काढायची आणि त्यांच्यासमोर धरायची. ते मान खाली घालून हात पुढं करत, जणू बेड्या घालायला. मी एकदा नीट पाहिलं. कागद उघडलेलासुद्धा नव्हता. एकही वडी त्यांनी कधी चावली नव्हती.

गेल्या वर्षी आमच्या जावयांची बदली झाली. कंपनीनं गुजरातेत नवा कारखाना काढला, तिकडं जायचं ठरलं. विहीणबाई रडल्या, माझी बायको रडली. व्याही मात्र ताडकन उठले. "गुजरात? आरं, तितं दारूबंदी हाय!" निघायच्या दिवसापर्यंत त्यांचा उत्साह ओसंडत होता. केतकीला त्यांनी बाजूला घेऊन सूचना दिल्या, "सूनबाई, तितं सावध ऱ्हा. दार दिसंल आशीच बस." सामानाचा ट्रक गेला, मागोमाग त्यांची गाडी गेली. व्याही फाटकाशी हात हलवत उभे राहिले, मग वळून ओसरीवर आले आणि भिंतीला टेकले. त्या दिवशी त्यांनी टीव्ही लावला नाही.

मी आता दर आठवड्याला परंदवडीला जातो. माझी मुलगी तिथं होती तेव्हा इतका जात नव्हतो. विहीणबाईंनी बरणी कपाटाबाहेर काढून ठेवलीय, म्हणतात, "आता कुणी बगाया न्हाई, खाऊ द्या काय खायचं ते." मध्ये मला लोणावळ्याला लग्नाला जायचं झालं, तर येताना मी शेंगदाण्याची चिक्की घेऊन आलो, उघड, पिशवीत. संध्याकाळच्या उन्हात ओसरीवर बसलो होतो. मी पुडा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी एक वडी उचलली, वास घेतला, उजेडात धरून पाहिली, आणि परत पुड्यात ठेवली.

"का हो?" मी म्हणालो. "आता तर फेडरलही नाही."

"तेच की," ते म्हणाले. "ती घरात आस्ताना चोरून खाणं ह्यो धंदा, व्याही. ती नसताना खाणं ही बेइमानी."

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. केतकी तिकडच्या स्वयंपाकघरात उभी होती, केस वर बांधलेले, जरा वाळलेली वाटली मला. व्याह्यांनी फोन हातभर लांब धरला. तिनं सकाळचा साखरेचा आकडा विचारला, त्यांनी खरा सांगितला. पायाला तेल लावता का विचारलं, लावतो म्हणाले. मग ती म्हणाली, "आणि आज गोड काय खाल्लंत?"

"काय बी न्हाई," व्याही म्हणाले.

तिनं मान तिरकी करून पडद्यातून त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "खोटं बोलताय. माझे बाबा बसलेत ना शेजारी? ते लोणावळ्याला गेले होते, आई म्हणाली. खिसे दाखवा."

"आगं, खरंच न्हाई खाल्लं!"

"खिसे, बाबा."

व्याह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि उभे राहिले. मी फोन त्यांच्यावर धरला. त्यांनी कोटाचा उजवा खिसा उलटा करून दाखवला, मग डावा, मग आतला, मग पायजम्याचे दोन्ही, एकेक करून, सावकाश, आणि मग दोन्ही हात वर केले. सगळे खिसे बाहेर लोंबत असलेले ते त्या ओसरीवर गर्रकन फिरले आणि पुन्हा समोर झाले. तिकडं केतकी हसायला लागली होती. त्यांनी माझ्याकडे वळून, काडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेत, अभिमानानं मला कुजबुजून सांगितलं,

"बगा, आजून इस्वास न्हाई तिचा आपल्यावर!"